झोपेच्या गोळीचा सावकाश निरोप

चेन्नईच्या मैलापूर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. आजोबा पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीस होते. निवृत्तीनंतरही गावी न परतता ते याच शहरात स्थायिक झाले आणि बारा वर्षांपूर्वी वारले. त्या दुःखात आजींची झोप पार उडाली. तेव्हा डॉक्टरांनी एक लहानशी गोळी लिहून दिली आणि ती पंधरा दिवस घेण्यास सांगितले. पंधरा दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. चिठ्ठी जीर्ण झाली, पण रात्री दूध प्यायल्यावर गोळी घेण्याचा नेम काही चुकला नाही. आता आजी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. हल्ली त्यांना नावे आठवत नाहीत, सकाळी डोके जड असते आणि गेल्याच महिन्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला.

मुलाने कुठेतरी वाचले की या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना घातक असतात. त्याच संध्याकाळी त्याने बाटली केराच्या डब्यात टाकली. "आई, आजपासून ही गोळी बंद. दोन दिवस त्रास होईल, मग सवय मोडेल," असे त्याने सांगितले. दोन दिवसांनंतर मात्र वेगळेच घडले. आजींचे हात कापू लागले, अंगाला घाम सुटू लागला, स्वयंपाकघरातील शिट्टीचा आवाजही सोसवेना. तिसऱ्या रात्री त्या दारे-खिडक्या पुन्हा पुन्हा तपासत घरभर फिरत राहिल्या. सून म्हणाली, "अहो, आईंचा जुना आजार उलटलाय. गोळी द्या बघू." गोळी दिली, तासाभरात सर्व शांत झाले. घरातल्या सर्वांनी निष्कर्ष काढला की आजींना ही गोळी जन्मभर लागणारच.

हे कुटुंब काल्पनिक आहे. परंतु अशी घटना ज्या घरांत घडते ती घरे काल्पनिक नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या भारतीयांपैकी सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी १८ लक्ष लोक वैद्यकीय सल्ल्यावाचून शामक औषधे घेत होते. संख्येच्या दृष्टीने आघाडीवर असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुरू होऊन पुढे वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या गोळ्यांची गणती यात धरलेली नाही.

वरील कुटुंबाच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली, पंधरा दिवसांची गोळी बारा वर्षे चालू ठेवण्याची. दुसरी, ती एका रात्रीत तोडण्याची. पहिल्या चुकीबद्दल आता पुष्कळ बोलले जाते. दुसरीबद्दल फारसे कुणी सांगत नाही. वास्तविक दुसरी चूक अधिक तातडीने अपाय करणारी आहे. शिवाय तिच्यातून चुकीचा धडा घेतला गेल्यामुळे पहिली चूक कायमची पक्की होते. म्हणून या लेखात विचार करावयाचा आहे तो गोळी घ्यावी की घेऊ नये याचा नव्हे, तर घेत असलेली गोळी सोडावयाची झाल्यास ती कशी सोडावी याचा.

गोळी शरीरात काय करते

आपल्या मेंदूत मज्जापेशींना चेतवणारी जशी रसायने आहेत, तशीच त्यांना आवरणारीही आहेत. आवरणाऱ्या रसायनांत 'गाबा' हे प्रमुख होय. घोड्याच्या तोंडी जसा लगाम, तसे त्याचे कार्य. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम या सर्व गोळ्या 'बेन्झोडायझेपिन' नावाच्या एकाच कुळातल्या आहेत. त्या स्वतः लगाम नव्हेत. गाबाने धरलेला लगाम त्या अधिक घट्ट ओढतात. त्यामुळे भीती ओसरते, स्नायू सैल पडतात आणि झोप येते. झोपेसाठी दिले जाणारे झोल्पिडेम हे औषध या कुळातले नसले, तरी त्याचे कार्य याच जागी चालते.

बाहेरून लगाम ओढला जात आहे असे काही आठवडे दिसले, की मेंदू आपला स्वतःचा हात सैल सोडतो. गाबाला दाद देण्याची पेशींची शक्ती मंदावते आणि चेतवणाऱ्या रसायनांचा जोर वाढतो. मग तेवढ्याच गोळीने पूर्वीइतकी झोप लागेनाशी होते. अशा वेळी गोळी एकाएकी थांबवली तर बाहेरचाही हात सुटतो आणि आतलाही सैलच असतो. घोडा चौखूर उधळतो. आजींच्या हातांचा कंप, घाम, छातीतली धडधड, आवाज व प्रकाश न सोसणे, निद्रानाश आणि कारणावाचून वाटणारी धास्ती ही सारी त्या उधळण्याचीच चिन्हे होत. मात्रा मोठी असेल आणि गोळी दीर्घकाळ घेतलेली असेल, तर भ्रम होणे आणि आकडी येणे इथपर्यंत मजल जाते. अशी आकडी प्रसंगी प्राणावरही बेतते.

ही लक्षणे केव्हा उमटतील हे गोळीच्या जातीवर अवलंबून असते. अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून त्यांचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे पदार्थ कित्येक दिवस रक्तात रेंगाळतात, म्हणून त्याचा त्रास आठवड्यानेही डोके वर काढू शकतो. आठवडाभर काही झाले नाही म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला नवव्या दिवशीच्या अस्वस्थतेचा गोळीशी संबंध आहे हे उमगतही नाही.

औषध सुटतानाची लक्षणे आणि मूळचा आजार यांच्यातील साम्य हेच सर्वांत फसवे असते. गोळी झोपेसाठी व धास्तीसाठी घेतली होती. ती सोडल्यावर होणारा त्रासही निद्रानाशाचा व धास्तीचाच. मात्र दोहोंत भेद करता येतो. औषध सुटताना होणारा त्रास गोळी बंद केल्यावर ठराविक काळात उमटतो, पूर्वी कधी नसलेली कंप, घाम, अंग मुंग्यांनी भरणे, प्रकाश न सोसणे अशी चिन्हे सोबत आणतो आणि कालांतराने आपोआप ओसरू लागतो. हा भेद आजींच्या घरी कुणी समजावून सांगितला असता, तर जन्मभराचा तो निष्कर्ष निघाला नसता.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा धडा

हे ज्ञान आजचे नाही. झोप आणणारे पहिले बार्बिट्युरेट औषध १९०३ साली प्रचारात आले आणि पुढील अर्धशतकभर त्या कुळातील औषधांचे राज्य होते. ती एकाएकी थांबवल्यास आकड्या व भ्रम होतात, हे अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली स्पष्टपणे दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी ज्या माणसांना महिनोन्‌महिने ही औषधे दिली व मग तोडली, त्यांच्यावर असा प्रयोग करण्यास आज कोणतीही समिती अनुमती देणार नाही. पण त्यातून मिळालेला इशारा मोलाचा होता.

बार्बिट्युरेटपेक्षा निर्धोक औषधाच्या शोधात असलेले रसायनज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी अमेरिकेतील नटली येथे १९५५ साली एक संयुग तयार केले. ते दोन वर्षे फडताळात पडून होते. १९५७ मध्ये त्याची परीक्षा झाली आणि १९६० साली ते 'लिब्रियम' या नावाने बाजारात आले. त्यातील औषधाचे नाव क्लोरडायझेपॉक्साइड. १९६३ साली त्याच्या पाठोपाठ 'व्हॅलियम', म्हणजे डायझेपाम आले. जास्त मात्रा पोटात गेली तरी ही औषधे बार्बिट्युरेटइतकी मारक ठरत नसत. म्हणून ती सवय न लावणारी आहेत, असाही समज रुजला.

हा समज खोटा असल्याचा पुरावा फार काळ दूर नव्हता. १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर यांनी क्लोरडायझेपॉक्साइड मोठ्या मात्रेत काही महिने घेतलेल्या अकरा रुग्णांचे औषध अचानक बंद केले असता काय घडले ते प्रसिद्ध केले. अकरापैकी दहा जणांना नवी लक्षणे झाली आणि दोघांना आकडी आली. औषध बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. १९६५ साली ऑस्वाल्ड व प्रीस्ट यांनी निद्रावस्थेची नोंद घेऊन दाखवले, की झोपेच्या गोळ्या थांबवल्यावर झोपेची घडी पूर्ववत बसण्यास पाच आठवड्यांहूनही अधिक काळ लागतो. 'दोन दिवसांत सवय मोडेल' हे वाक्य किती उतावीळपणाचे आहे, हे यावरून लक्षात येईल. पुढे १९८१ मध्ये लंडनच्या पेटरसन व लेडर यांनी दाखवले, की मात्रा नेहमीची, डॉक्टरांनी सांगितलेली असली तरीही सोडताना त्रास होऊ शकतो. याचा अर्थ, असा त्रास होणारा माणूस व्यसनी किंवा दुबळ्या मनाचा असतो असे मुळीच नाही.

या सर्व ज्ञानाला घरगुती उपयोगाचे रूप देण्याचे श्रेय प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांना द्यावे लागते. त्यांचा जन्म १९२९ साली डेहराडूनचा. वडील हॅरी चॅम्पियन हे तेथे वनशास्त्रज्ञ होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी केवळ या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्या लोकांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांचे म्हणणे त्यांनी मन लावून ऐकले आणि त्याच्या आधारे १९९९ मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचे सार थोडक्यात असे: मात्रा सावकाश उतरवावी, उतरण्याची गती रुग्णाने स्वतः ठरवावी आणि डॉक्टरांनी त्याला साथ द्यावी. २०१९ साली त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कुळातील सर्व औषधांच्या वेष्टनावर, सवय जडण्याचा आणि अचानक थांबवल्यास होणाऱ्या त्रासाचा ठळक इशारा छापण्याचा आदेश काढला.

चेन्नईतील दोन संस्था

मद्रासमध्ये मनोरुग्णांसाठी पहिले आश्रयस्थान १७९४ साली उघडले. १८७१ मध्ये ते किलपाक येथे गेले. आज 'इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' या नावाने ओळखली जाणारी सरकारी संस्था ती हीच. हॉलिस्टर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९६१ साली, डॉ. शारदा मेनन या संस्थेच्या प्रमुख झाल्या. आपल्या देशातील पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा गौरव होतो. रुग्णाला भिंतीआड ठेवण्यापेक्षा कुटुंबाच्या साहाय्याने त्याला उभे करावे, यावर त्यांचा भर होता. १९८४ साली त्यांनी त्याच हेतूने 'स्कार्फ' ही संस्था स्थापन केली.

दुसरी संस्था मद्यपानाशी झगडणाऱ्यांसाठी निघाली. पती टी. टी. रंगनाथन यांच्या मद्यपानामुळे झालेल्या अकाली मृत्यूनंतर शांती रंगनाथन यांनी १९८० साली त्यांच्या नावाने प्रतिष्ठान सुरू केले. त्याचे रुग्णालय 'टीटीके हॉस्पिटल' या नावाने सर्वपरिचित आहे. १९९२ मध्ये श्रीमती रंगनाथन यांना पद्मश्री मिळाली. झोपेच्या गोळीच्या लेखात मद्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की मद्यही गाबाच्याच लगामाला हात घालते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर त्यालाही कंप, भ्रम आणि आकडी होते. म्हणून डॉक्टर अशा रुग्णास काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात आणि त्याची मात्रा रोज थोडी थोडी कमी करीत शून्यावर आणतात. सुटलेल्या लगामाच्या जागी दुसरा धरायचा आणि तो हळूहळू सैल करायचा, हीच ती रीत. मद्याच्या बाबतीत हे काम दिवसांत उरकते. वर्षानुवर्षांच्या गोळीच्या बाबतीत त्याला महिने लागतात, एवढाच फरक. टीटीकेच्या उपचारांत पहिल्यापासून रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही स्थान आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

मात्रा कशी उतरवतात

२०२५ साली अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांच्या मते आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्केच कपात करावी आणि सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कपात करू नये. हा आकडा कोरडा वाटेल, म्हणून एक हिशेब मांडून पाहू.

समजा, एखादा मनुष्य रोज १० मिलिग्रॅम डायझेपाम घेतो. दर दोन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम कमी केले, तर ५ मिलिग्रॅमपर्यंत येण्यास दहा आठवडे लागतील. येथे गती मंदावणे शहाणपणाचे असते. कारण दहातून एक वजा केल्यास दहावा भाग जातो, पण दोनातून एक वजा केल्यास निम्मे औषध जाते. म्हणून पुढे दर दोन आठवड्यांनी अर्धा मिलिग्रॅम कमी केला, तर आणखी वीस आठवडे लागतील. एकूण तीस आठवडे, म्हणजे सुमारे सात महिने. तळाशी पोहोचल्यावर अर्ध्या मिलिग्रॅमची कपातही जड वाटत असेल, तर दोन आठवड्यांऐवजी चार आठवडे थांबावे लागते आणि मग वर्षही उलटते. बारा वर्षांच्या सवयीला एक वर्ष ही काही महाग किंमत नव्हे.

हा हिशेब समजण्यापुरता आहे. तो कोणाचेही औषधपत्र नव्हे. प्रत्यक्षात डॉक्टर पुष्कळ गोष्टी पाहतात. अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी चार भागांत तोडली तरी एक तुकडा म्हणजे पंचवीस टक्के होतो. याहून लहान पायरी त्या गोळीत सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर कधी कमी शक्तीच्या गोळ्या लिहून देतात, तर कधी तिच्याऐवजी तितक्याच प्रभावाची डायझेपामची मात्रा बसवून मग ती उतरवतात. डायझेपाम २ मिलिग्रॅमच्या गोळीतही मिळत असल्यामुळे लहान पायऱ्या करणे सोपे जाते आणि ते शरीरात सावकाश ओसरत असल्यामुळे दोन मात्रांमध्ये हिसका बसत नाही. मात्र हा बदल वृद्धांना किंवा यकृताचा विकार असलेल्यांना मानवेलच असे नाही, म्हणून तो घरच्या घरी करू नये. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या तर कधीही तोडू नयेत.

एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर काय करावे? मागे धावत जाऊ नये. आहे त्या पायरीवरच दोन-तीन आठवडे थांबावे आणि मेंदूला सावरू द्यावे. एखाद्या वाईट रात्री 'आजच्या दिवस एक जास्त' असे म्हणून गोळी घेतली, की लगामाची ओढ पुन्हा विस्कटते. दिनदर्शिकेवर रोजची मात्रा आणि झोपेचे तास लिहून ठेवावेत. एका रात्रीवरून काहीच कळत नाही; महिन्याच्या नोंदीवरून मात्र उतरण स्पष्ट दिसते.

काही व्यक्तींनी आपल्या मनाने पहिली पायरीही उतरू नये. अपस्माराचे रुग्ण, पूर्वी आकडी आलेली माणसे, गरोदर स्त्रिया, मद्य किंवा अफूजन्य औषधे घेणारे आणि आत्महत्येचे विचार मनात येणारे यांचा यात समावेश होतो. यांच्यासाठी प्रसंगी रुग्णालयात राहून औषध उतरवणे इष्ट ठरते. अपस्मारासाठी दिलेली या कुळातील गोळी तर आकडीपासून रक्षण करणारे औषध असते. या लेखाच्या आधारे तिला कुणी हात लावू नये. मात्रा उतरत असताना आकडी आली, माणूस भलतेच बरळू लागला किंवा नसलेले दिसू-ऐकू लागले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

झोपेची नवी घडी

गोळी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर रात्र मोठी होते. कॅनडातील चार्ल्स मोरिन व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या ७६ उतारवयीन व्यक्तींचे तीन गट केले होते. ज्यांची मात्रा केवळ सावकाश उतरवली, त्यांपैकी ४८ टक्के गोळीमुक्त झाले. ज्यांना केवळ झोपेच्या सवयी सुधारण्याचे शिक्षण दिले, त्यांपैकी ५४ टक्के झाले. ज्यांना दोन्ही एकत्र दिले, त्यांपैकी ८५ टक्के गोळीमुक्त झाले.

हे शिक्षण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवावी. डोळ्यांवर झोप आल्याखेरीज अंथरुणावर पडू नये आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करावे. अंथरूण ही झोपेची जागा आहे, चिंतेची किंवा दूरध्वनीची नव्हे, असे शरीराला पुन्हा शिकवावे लागते. दुपारची वामकुक्षी थोडक्यात आटोपावी. चेन्नईकरांना याबरोबर आणखी एक त्याग करावा लागेल. घट्ट डिकॉक्शनची कॉफी दुपारनंतर घेऊ नये. कारण तिच्यातील कॅफीन निम्मे उतरण्यासच चार-सहा तास लागतात. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर किंवा देवळाच्या तळ्याभोवती चालणे मात्र अवश्य ठेवावे. सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला किल्ली देतो. मे महिन्यातील उकाड्याच्या रात्री कुणालाच स्वस्थ झोप लागत नाही. अशा दिवसांत नवी पायरी उतरण्याची घाई केली नाही तरी चालेल.

घरच्या माणसांचे काम

माहितीचे सामर्थ्य किती असते, याचे एक बोलके उदाहरण कॅनडातील क्वेबेक प्रांतात दिसले. तेथे औषधविक्रेत्यांमार्फत, दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना एक पुस्तिका पाठवण्यात आली. तिच्यात गोळीचे धोके आणि एकवीस आठवड्यांत मात्रा कशी उतरवावी याचा चित्रमय तक्ता होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांत त्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण केवळ ५ टक्के होते. वृद्धांना नीट समजावून सांगितले तर ते डॉक्टरांकडे जाऊन स्वतः पुढाकार घेतात, असा याचा अर्थ आहे.

आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम व झोल्पिडेम ही औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही तरतूद योग्यच आहे. पण ज्याची चिठ्ठी संपली त्याची गोळीही त्याच दिवशी तुटते, हे घरच्यांनी विसरू नये. प्रवासाला निघताना, गावी लग्नकार्याला जाताना किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होताना वृद्धांची गोळी नकळत सुटते. रुग्णालयात तिसऱ्या रात्री आजोबा भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर त्याचे मूळ कधी कधी या सुटलेल्या गोळीत असते. म्हणून दाखल होतानाच त्या गोळीचे नाव व मात्रा डॉक्टरांना सांगावी.

याशिवाय घरच्यांनी करावयाचे मुख्य काम म्हणजे धीर धरणे. गोळ्या लपवू नयेत, न सांगता तुकडे लहान करू नयेत, चिडून 'एवढंही जमत नाही का' असे म्हणू नये. ज्याच्या शरीरावर उतरण चालली आहे, त्याच्या हाती गती असली पाहिजे. सल्ल्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग उपलब्ध आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि ती मराठी व तमिळसह अनेक भाषांतून चालते. व्यसनमुक्तीच्या साहाय्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आता पुन्हा मैलापूरच्या त्या घरात जाऊ. या वेळी मुलगा आईला घेऊन डॉक्टरांकडे गेला आहे. गोळ्यांची बाटली कपाटात पूर्वीच्याच जागी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजी स्वतः पेन्सिलीने आकडे लिहितात. तिसऱ्या महिन्यात त्या एका पायरीवर पाच आठवडे अडल्या. कुणी काही बोलले नाही. सहाव्या महिन्यात सुनेच्या लक्षात आले, की सकाळी दारापुढे कोलम काढणाऱ्या शेजारणीशी आजी नावाने हाक मारून बोलत आहेत. अजून अर्धी गोळी शिल्लक आहे. ती केव्हा संपेल असे नातवाने विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, "संपेल रे, घाई काय आहे? बारा वर्षं बरोबर होती ती."